निवडलेली क्लिप नजरेला दिसावी म्हणून: ऑडिओ संपादनाचा पडदा कसा लावावा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराची मुलाखत मी दोन वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केली होती. तंबोऱ्याची जवारी काढण्यापूर्वीचा (म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून नाद मोकळा करण्यापूर्वीचा) नाद, जवारी काढताना मध्येच तपासून पाहिलेला नाद आणि काम पुरे झाल्यावरचा नाद, असे त्याच तंबोऱ्याचे तीन तुकडे त्या मुद्रणात होते व सगळ्या मुलाखतीचा जीव त्या तिन्हींतच होता. सांगलीत घरी परतल्यावर, पश्चिमेच्या खिडकीशेजारी बसून, दुपारी चारच्या उन्हात मी संपादन सुरू केले. मधला तुकडा नकोसा वाटला म्हणून तो निवडला, डिलीट दाबले, मागचे काम पुढे सरकवले, प्रकल्प जतन करून बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकतो तर मधला तुकडा जागच्या जागी आणि शेवटचा, सर्वांत गोड वाजणारा तुकडा गायब. रेकॉर्डरच्या कार्डावरील मूळ मुद्रण पुसलेले नव्हते म्हणून निभावले.

चूक माझीच होती, तरी ती का झाली हे पाहण्यासारखे आहे. बोलण्याच्या मुद्रणात वेव्हफॉर्मला, म्हणजे आवाजाच्या पडद्यावरील आलेखाला, उंचवटे आणि खळगे असतात. वाक्य कोठे संपले, हसू कोठे आले हे नजरेला कळते. तंबोऱ्याचा नाद अखंड असल्यामुळे त्याचा वेव्हफॉर्म म्हणजे एकसारख्या जाडीचा पट्टा. असे तीन पट्टे शेजारी मांडले की कोणता कोणता हे आकारावरून सांगता येत नाही, आणि निवडलेल्या पट्ट्याचा रंग न निवडलेल्यापेक्षा जेमतेम एका छटेने उजळ असेल तर उन्हाच्या तिरिपेत तो फरकही पुसला जातो. त्या दिवसापासून नवे सॉफ्टवेअर किंवा नवी थीम, म्हणजे पडद्याच्या रंगांची मांडणी, हाती आली की पहिला तासभर मी केवळ निवड नीट दिसते की नाही हे पाहण्यात घालवतो. ती पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. उदाहरणे ऑडॅसिटी आणि रीपर या दोन सॉफ्टवेअरची घेतली आहेत.

आधी ‘निवड’ म्हणजे काय ते वेगळे करून घ्यावे

पडद्यावर काहीतरी उजळले म्हणजे क्लिप, अर्थात आवाजाचा तुकडा, निवडली गेली, असे नवशिके धरून चालतात. प्रत्यक्षात चार निरनिराळ्या गोष्टी उजळू शकतात. पहिली म्हणजे कालखंडाची निवड, म्हणजेच अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंतचा पट्टा. दुसरी म्हणजे खुद्द क्लिपची निवड. तिसरी ट्रॅकची, म्हणजे क्लिप ज्या आडव्या ओळीत मांडतात त्या ओळीची, निवड, ज्यात डावीकडचा ट्रॅकचा फलक उजळतो. चौथी म्हणजे फोकस, अर्थात कीबोर्डवर दाबलेली कळ सध्या कोणाला लागू होणार आहे हे.

ऑडॅसिटीच्या तिसऱ्या पिढीत पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ एकच आहेत. क्लिपच्या वेव्हफॉर्मवर डबल क्लिक केले की त्या क्लिपच्या आरंभापासून शेवटापर्यंतचा कालखंड निवडला जातो, आणि निवड हा एकच सलग कालखंड असल्यामुळे मधली क्लिप वगळून पहिली व तिसरी एकदम निवडता येत नाही. ट्रॅकभोवती दिसणारी चौकट मात्र फोकसची असते, निवडीची नव्हे. तिच्यावर भिस्त ठेवून डिलीट दाबू नये.

रीपरमध्ये याच्या उलट व्यवस्था आहे. तेथे क्लिपला आयटम म्हणतात आणि आयटमची निवड व कालखंडाची निवड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कालखंड दहा सेकंदांचा आखला आणि आयटम चार मिनिटांचा निवडलेला असला, तर मूळ मांडणीतील डिलीट कळ ते दहा सेकंद काढत नाही. अख्खा आयटम काढते. शिवाय ही कळ फोकस पाहून चालते. शेवटचा क्लिक आयटमवर असेल तर आयटम जातो, ट्रॅकच्या फलकावर असेल तर सगळा ट्रॅक जातो. म्हणून रीपर वापरणाऱ्याने आयटमचा रंग आणि ट्रॅकच्या फलकाचा रंग हे दोन्ही ठळक करून घेणे आवश्यक आहे. केवळ पहिल्यावर थांबणे म्हणजे अर्धेच काम.

काहीही बदलण्यापूर्वी तपासणी

जुना महत्त्वाचा प्रकल्प यासाठी उघडू नये. चार ट्रॅकचा एक सरावाचा प्रकल्प तयार करावा. पहिल्यात बोलणे, दुसऱ्यात तंबोऱ्यासारखा अखंड नाद, तिसऱ्यात टाळ्या किंवा तबल्यासारखा तुटक आवाज आणि चौथ्यात जवळजवळ शांतता ठेवावी. प्रत्येक ट्रॅकमध्ये एकमेकींना चिकटून पाच-सहा क्लिप असाव्यात आणि त्यांतील एखादी अगदी चिंचोळी, अर्ध्या सेकंदाची असावी. शांततेचा ट्रॅक मुद्दाम ठेवायचा, कारण तेथे वेव्हफॉर्म ही केवळ एक आडवी रेघ असते आणि निवड दाखवण्याचा सगळा भार पार्श्वभूमीच्या रंगावर पडतो.

आता एक क्लिप निवडावी आणि पडद्यावरचे रंग काढून टाकावेत. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात कलर फिल्टर्स आहेत; त्यातील ग्रेस्केल हा पर्याय चालू केला की सारा पडदा करडा होतो. तेथेच कीबोर्ड शॉर्टकटला परवानगी दिली तर विंडोज, कंट्रोल आणि सी या तीन कळांनी तो चालू-बंद करता येतो. मॅकमध्येही ॲक्सेसिबिलिटीच्या डिस्प्ले विभागात तसाच पर्याय मिळतो. करड्या पडद्यावर निवडलेली क्लिप तत्काळ सापडली तर थीम चांगली आहे. शोधावी लागली तर निवड केवळ रंगछटेवर उभी आहे असे समजावे; लाल आणि हिरव्यातील भेद ज्यांना कमी दिसतो अशा सहकाऱ्याला ती दिसणारच नाही, आणि थकलेल्या डोळ्यांना रात्री अकरानंतर आपल्यालाही दिसणार नाही.

दुसरी तपासणी अंतराची. खुर्ची मागे सरकवून दीड-दोन मीटरवरून पाहावे आणि घरातील कोणाला तरी क्लिप निवडायला सांगून कोणती निवडली ते आपण ओळखावे. माझ्याकडे हे काम पुतणीने केले. तिने मुद्दाम अर्ध्या सेकंदाची क्लिप निवडली आणि मी तीनदा चुकलो, ते तिला अजून सांगायला आवडते.

रंग निवडताना उजेडातील अंतर मोजावे

दोन रंग वेगळे आहेत म्हणजे ते वेगळे दिसतीलच असे नाही. डोळ्यांना कडा सापडते ती प्रामुख्याने उजेड-अंधाराच्या फरकामुळे. वेबवरील मजकुराच्या सुलभतेसाठी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी 2.1 या मार्गदर्शक तत्त्वांत, मजकूर नसलेल्या पण अर्थ सांगणाऱ्या घटकांसाठी शेजारच्या रंगाशी किमान 3 ला 1 इतके उजेडाचे गुणोत्तर ठेवावे असे म्हटले आहे, आणि केवळ रंगातूनच माहिती देऊ नये असेही त्यात स्वतंत्रपणे सांगितले आहे. ही तत्त्वे वेबसाठी असली तरी ऑडिओच्या पडद्याला लावायला काहीच हरकत नाही.

गुणोत्तर काढण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक रंगाची सापेक्ष तेजस्विता 0 ते 1 मध्ये काढतात. तीत शुद्ध लाल 0.2126, शुद्ध हिरवा 0.7152 आणि शुद्ध निळा 0.0722 इतका वाटा उचलतो. मग उजळ रंगाच्या तेजस्वितेत 0.05 मिळवून, गडद रंगाच्या तेजस्वितेत 0.05 मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे. शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकमेकांच्या किती विरुद्ध वाटतात. पण गणित केले तर 0.7652 भागिले 0.2626, म्हणजे सुमारे 2.9 येते. किमान मर्यादेच्याही खाली. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा तर 1.07 वर येऊन थांबतो. हळदीच्या पेठेत राहून पिवळ्याविरुद्ध लिहिणे जिवावर येते, पण फिकट पार्श्वभूमीवर पिवळी निवड म्हणजे निवड नसल्यासारखीच.

करड्या छटांचे उदाहरण रोजच्या कामाला अधिक जवळचे आहे. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे 64 असलेला गडद करडा न निवडलेल्या क्लिपला दिला आणि निवडलेल्या क्लिपला 128 चा दिला, तर आकडा दुप्पट होऊनही गुणोत्तर 2.6 च्या आसपासच राहते. निवडलेल्या क्लिपचा आकडा 160 केला की ते 4 च्या जवळ जाते. गडद थीम वापरणाऱ्याने एवढी एक जोडी लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. पडद्यावरील रंगाचे आकडे वाचण्यासाठी मॅकमध्ये डिजिटल कलर मीटर असतो. विंडोजवर पॉवरटॉईजमधील कलर पिकर वापरावा, किंवा स्क्रीनशॉट घेऊन गिंपसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग उचलावा.

एक अडचण मात्र येथे हटकून येते. क्लिपच्या बाबतीत दोन नव्हे, चार रंग एकमेकांशी भांडत असतात: ट्रॅकची रिकामी जागा, न निवडलेली क्लिप, निवडलेली क्लिप आणि वेव्हफॉर्म. निवडलेली क्लिप उजळ करण्याच्या उत्साहात तिच्यावरचा फिकट वेव्हफॉर्म दिसेनासा होतो, किंवा तिचा रंग ट्रॅकच्या रिकाम्या जागेशी इतका मिळतो की निवडलेली क्लिप म्हणजे दोन क्लिपमधली फट वाटते. हा दुसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण फट दिसली की हात आपोआप शेजारची क्लिप ओढून ती बुजवायला जातो.

ऑडॅसिटीमध्ये

येथे हात घालायला जागा कमी आहे. एडिट मेनूतील प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस हे पान उघडावे. थीमच्या यादीत लाइट, डार्क, क्लासिक आणि हाय कॉन्ट्रास्ट हे पर्याय मिळतात. सरावाच्या प्रकल्पावर चारही क्रमाने लावून करड्या पडद्याची तपासणी करावी. हाय कॉन्ट्रास्ट पहिल्या नजरेत भडक वाटते आणि अनेकजण त्याकडे फिरकत नाहीत. परंतु लांब मुद्रणाची कापाकापी करताना दोन तास तेच लावावे आणि मिश्रणाच्या वेळी आवडीच्या थीमवर परतावे, असा माझा प्रघात आहे.

त्यानंतर ट्रॅकच्या मेनूतून वेव्ह कलर पाहावा. तेथे ट्रॅकला चारांपैकी एक रंग देता येतो. याने निवड ठळक होत नाही, पण मुलाखतकार आणि पाहुणा निरनिराळ्या रंगांत आले की भलत्याच ट्रॅकमधली क्लिप निवडण्याची चूक कमी होते. क्लिपवरील नावाची पट्टी 2021 मधील 3.1 या आवृत्तीपासून आली. नावावर डबल क्लिक करून ते बदलता येते. तंबोऱ्याच्या तीन तुकड्यांना ‘जवारीआधी’, ‘मध्ये’ आणि ‘जवारीनंतर’ अशी नावे मी त्या दिवशी दिली असती तर रंगाची वेळच आली नसती. नाव लहान ठेवावे, कारण चिंचोळ्या क्लिपवर लांब नाव मावत नाही.

रंगावर अजिबात विसंबून न राहता निवड तपासण्याचे ऑडॅसिटीतील साधन म्हणजे सिलेक्शन टूलबार. त्यात निवडीचा आरंभ आणि शेवट, किंवा लांबी, आकड्यांत दिसते. चार मिनिटांचा तुकडा निवडला असे वाटते आणि लांबी अठरा सेकंद दाखवत आहे, तर तेथेच थांबावे. स्पेसबार दाबला की निवडलेलाच भाग वाजतो, हीदेखील खात्रीची तपासणी आहे. पहिले दोन सेकंद ऐकले तरी पुरते. कंट्रोल आणि ई दाबले की निवडलेला भाग पडद्याच्या रुंदीइतका मोठा होतो, कंट्रोल आणि एफ दाबले की पूर्ण प्रकल्प परत दिसतो. काढण्यापूर्वी ही ये-जा एकदा करण्याची सवय लावावी. ऑडॅसिटीत तिचे मोल अधिक आहे, कारण प्रकल्प बंद केल्यावर अनडूचा इतिहास राहत नाही आणि काढलेला आवाज प्रकल्पाच्या फाइलमधूनही जातो.

रीपरमध्ये

रीपरमध्ये जवळपास प्रत्येक रंग बदलता येतो, आणि म्हणूनच गोंधळही तेथेच अधिक होतो. सुरुवात चालू थीमची प्रत करून तिला वेगळे नाव देण्यापासून करावी. मग ॲक्शन्सची, म्हणजे रीपरच्या आज्ञांची, यादी उघडून थीम डेव्हलपमेंट या शब्दांनी शोध घ्यावा. थीम ट्वीकर दाखवणारी ॲक्शन सापडते. ती चालवली की रंगांची लांबलचक यादी असलेली खिडकी उघडते आणि तिच्यातही शोधण्याची सोय आहे. तेथे सिलेक्टेड हा शब्द टाकावा.

समोर येणाऱ्या नोंदींपैकी निवडलेल्या मीडिया आयटमची पार्श्वभूमी, त्याचे पीक्स म्हणजे वेव्हफॉर्म, आणि निवडलेल्या ट्रॅकशी संबंधित रंग एवढ्याच आपल्या कामाच्या आहेत. या नोंदी जोडीने येतात, कारण रीपर विषम आणि सम क्रमांकाच्या ट्रॅकसाठी वेगळे रंग ठेवते. पहिली नोंद बदलून, पहिल्या ट्रॅकवर परिणाम पाहून समाधानाने खिडकी बंद करणारा माणूस दुसऱ्या ट्रॅकवर गेला की पुन्हा अंधारात चाचपडतो. म्हणून प्रत्येक बदल दोन्ही नोंदींत करावा आणि सरावाच्या प्रकल्पातील पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही ट्रॅकवर पाहावा.

इतके करूनही रंग बदललेला दिसला नाही तर बहुधा आयटमला किंवा ट्रॅकला आधीच स्वतंत्र रंग दिलेला असतो आणि तो थीमच्या रंगावर चढतो. प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्सखाली पीक्स आणि वेव्हफॉर्मचे पान आहे. ट्रॅकचा किंवा आयटमचा रंग पार्श्वभूमीवर चढवायचा की वेव्हफॉर्मवर, हे तेथे ठरवता येते. माझी पसंती अशी की तो रंग वेव्हफॉर्मवर चढू द्यावा आणि पार्श्वभूमी थीमच्या हवाली ठेवावी. मग कोणता ट्रॅक कोणाचा हे वेव्हफॉर्म सांगतो, निवडले आहे की नाही हे पार्श्वभूमी सांगते, आणि एकाच रंगाकडून दोन निरोप पोचवून घेण्याची वेळ येत नाही.

ज्यांना पार्श्वभूमीच रंगीत हवी आहे त्यांनी ट्रॅकला फिकट रंग देण्याचे टाळावे. बहुतेक गडद थीममध्ये निवडलेला आयटम आपल्याच रंगाच्या अधिक उजळ छटेत दिसतो. मुळातच फिक्या गुलाबी किंवा लिंबोणी रंगाच्या आयटमला उजळायला जागाच उरत नाही. गडद हिरवा, विटकरी, जांभळट निळा अशा रंगांना वर चढायला अवकाश असतो. नाटकाच्या तालमीचे मुद्रण करताना आमच्या गटातील एकाने बारा पात्रांना बारा सुंदर फिके रंग दिले होते. विष्णुदास भाव्यांच्या गावाला शोभेल असा तो रंगमंच होता, पण त्यावर निवडलेला आयटम शोधायला भिंग लागले असते.

पडद्याबाहेरची निवड

रंग कितीही ठळक केला तरी जे पडद्यावरच नाही ते दिसणार कसे? रीपरमध्ये कंट्रोल दाबून एकामागून एक आयटम निवडता येतात, आणि दहा मिनिटांपूर्वी निवडलेला एखादा आयटम उजवीकडे पडद्याबाहेर निवडलेलाच राहू शकतो. जी कळेने गटात बांधलेल्या आयटमांपैकी एकावर क्लिक केले तरी सारा गट निवडला जातो, मग त्यातील काही आयटम खालच्या ट्रॅकवर नजरेआड असोत. यावर उपाय साधा आहे: निवड नव्याने करण्यापूर्वी रिकाम्या जागेत एकदा क्लिक करून जुनी निवड सोडावी, आणि काढण्यापूर्वी संपूर्ण प्रकल्प एका नजरेत येईल इतके बाहेर यावे. ऑडॅसिटीत जुनी निवड सोडण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ए या कळा आहेत; ट्रॅक उंचीतही मावावेत म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ.

रीपरमध्ये आयटम काढला तरी मूळ फाइल डिस्कवर राहते, त्यामुळे सावरता येते. तरीही प्रकल्पासोबत अनडूचा इतिहास जतन करण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये चालू करून ठेवावा.

पडदा आणि खोली

हे शेवटी लिहिले असले तरी माझ्या चुकीचा निम्मा वाटा यातच होता. गडद थीम अंधाऱ्या खोलीसाठी असते; खिडकीसमोर लाइट थीम लावावी. लॅपटॉपच्या स्वस्त पडद्यांवर पाहण्याचा कोन बदलला की करड्या छटा बदलतात, म्हणून रंग ठरवताना पडदा नेहमीच्याच कलावर ठेवावा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि पुष्कळदा पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो. पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदा होते, त्यामुळे कमी उजेडातही एकदा तपासणी करावी. संध्याकाळनंतर पडदा पिवळसर करणारी नाइट लाइटची सोय निळा रंग दाबून टाकते. निवडीसाठी निळा रंग ठेवलेला असेल तर संपादनापुरती ती बंद करावी.

सर्व बदल पटल्यावर रीपरच्या थीमची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि सरावाचा प्रकल्पही तिच्यासोबत ठेवावा. दुसऱ्याच्या संगणकावर काम करायची वेळ आली की आधी तोच प्रकल्प उघडायचा, शांततेच्या ट्रॅकमधली चिंचोळी क्लिप निवडायची आणि पडदा करडा करून पाहायचे. याला दोन मिनिटे लागतात. मिरजेच्या त्या मुलाखतीचा दुसरा भाग गेल्या हिवाळ्यात दुसऱ्याच एका संगणकावर संपादित केला तेव्हा तेथील थीममध्ये ती क्लिप दिसली नाही; थीम बदलल्यावरच मी तंबोऱ्याच्या तुकड्यांना हात लावला.